जुन्या वाड्याचे फोटो काढायचेत? पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा दरवाजा माझ्याकडे आहे. म्हणजे दरवाजाचा फोटो. दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, किंचित उघडी, कवाडावर पितळी फुल्या, उंबऱ्यावर मांजर. फोटोचं कौतुक भरपूर झालं. आठ महिन्यांनी आतलंही काढावं म्हणून गेले, तर रस्त्याच्या कडेला पत्रे ठोकलेले आणि पलीकडे जेसीबी. चौक केवढा होता, जिना कुठून वर जात होता, खांब किती होते, यातलं काहीही माझ्याकडे नाही. मांजर आहे.

तेव्हापासून मी आधी नोंदीचे फोटो काढते आणि वेळ उरला तर सुंदर फोटो. पुण्याच्या पेठांमधून अशा रीतीने फिरताना ज्या चुका केल्या, त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची असली तरी वाई, सातारा, नाशिक कुठेही हीच पद्धत चालते.

१. पहिले दोन रविवार सार्वजनिक वास्तूंवर घालवा

एकदम कुणाच्या राहत्या वाड्यात शिरू नका. आधी जिथे कुणाची परवानगी मागत बसावं लागत नाही, तिथे हात बसवा.

बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा सुरुवातीला उत्तम. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७च्या सुमारास बांधला. त्याचा लाकडी सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब रस्त्यावरूनच दिसतात. आत कधी कोणता भाग बंद असेल सांगता येत नाही, पण दर्शनी बाजूवरच एक सकाळ सहज जाते. सहा-साडेसहाला पोहोचा. आठनंतर समोर दुचाक्यांची रांग लागते आणि ती रात्रीपर्यंत हलत नाही.

दुसऱ्या रविवारी सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर. अठराव्या शतकातलं, काळ्या दगडाचं, दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली. साखळीने बांधलेला गेंडा पुण्यात आणखी कुठल्या देवळावर मी पाहिलेला नाही. तो शोधा आणि वेगवेगळ्या वेळी त्याचे फोटो काढा. समोरून उजेड असेल तर गेंडा भिंतीत विरघळून जातो आणि उजेड बाजूने घासत आला की त्याच्या अंगावरच्या वळ्या उठून दिसतात. दगडी कोरीवकामाबद्दलचा अर्धा अभ्यास या एका गेंड्यावर होतो.

२. सोबत काय घ्यायचं

- फोन किंवा कॅमेरा. चारपाच वर्षांतला कुठलाही बरा फोन पुरतो. त्यातली मुख्य लेन्स वापरा. ‘अल्ट्रावाइड’ने वाडा फ्रेममध्ये मावतो हे खरं, पण कडेचे खांब ताणले जाऊन जाडजूड दिसतात.
- चार्ज केलेली पॉवर बँक आणि लेन्स पुसायला मऊ सुती कापड. जुन्या घरात धूळ फार.
- वही आणि पेन्सिल. फोनमध्ये नोंदी करू म्हणाल तर फोन तर फोटो काढण्यात अडकलेला असतो.
- सहा इंची पट्टी. नक्षीच्या शेजारी धरायला.
- दोन मीटर दोरा आणि एक जड नट. हा आपला ओळंबा. कशाला, ते पुढे सांगते.
- अर्धा किलो तांदूळ भरलेली, तोंड शिवलेली कापडी पिशवी. कट्ट्यावर, कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की ट्रायपॉडची गरज बरीचशी संपते. पहिली पिशवी मी ज्वारीची केली होती. पावसाळ्यात तिच्यातून टोके बाहेर आले आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत संसार थाटला.
- ओळखपत्र, आणि आधी काढलेल्या वाड्यांचे पाचसहा छापील फोटो. दाराशी उभं राहिल्यावर यांच्याइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

३. वाड्याचं तोंड कुठे आहे ते पाहा, मग अलार्म लावा

नवखा माणूस सगळीकडे सकाळीच जातो. पूर्वेकडे तोंड असलेल्या वाड्याला सकाळ ठीक आहे. पश्चिमेकडे तोंड असेल तर चारनंतर जा. दक्षिणेकडच्या भिंतीला हिवाळाभर ऊन मिळतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून खाली खाली फिरतो.

खरा घोळ उत्तराभिमुख वास्तूंचा. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. डिसेंबरात गेलात तर दरवाजा दिवसभर सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. मी सलग तीन हिवाळे तिथे जाऊन ‘आज उजेडच नाही’ म्हणत परतले आहे. चौथ्या वर्षी कळलं की उजेडाचा दोष नाही, महिन्याचा आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. इथे मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेच ते शून्य सावलीचे दिवस. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो दिवसभर किंचित उत्तरेकडे असतो, म्हणजे उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन येतं. जून-जुलै ढगांत जातात. त्यामुळे हातात राहतो मेचा दुसरा पंधरवडा आणि फार तर जूनचे पहिले काही दिवस. सकाळी सात ते साडेआठ. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे उठायची तयारी असेल तर दिल्ली दरवाजाच्या दारांवरचे लोखंडी खिळे आपापली सावली टाकताना दिसतील.

मेपर्यंत थांबायचं नसेल तर उलटा मार्ग धरा. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी जा. आकाश निळं पडलेलं असतं, भिंत आणि आकाश यांच्यातला फरक कमी झालेला असतो, आणि दगड दगडासारखा दिसतो.

दिशा पाहायला फोनमधलं होकायंत्र चालतं. फक्त दुचाकीला किंवा लोखंडी फाटकाला टेकून पाहू नका, सुई भलतीकडे जाते.

४. दार वाजवण्याची रीत

राहत्या वाड्यात लोक कॅमेऱ्याला का बिचकतात हे आधी समजून घ्या. बहुतेक वाड्यांत मालक आणि भाडेकरू दोघं आहेत. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून अनेकांची भाडी जिथल्या तिथे थिजली. इतक्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडणं परवडत नाही, आणि काही ठिकाणी प्रकरण पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात. अशा घरात अनोळखी माणूस पडक्या भिंतीचा फोटो काढू लागला की तो बिल्डरचा असतो, वकिलाचा असतो किंवा महापालिकेचा. हौशी छायाचित्रकार असू शकतो हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून कॅमेरा पिशवीत. दिंडीतून डोकं आत घालून हाक मारा, आत पाऊल टाकू नका. माझा एक संवाद जसाच्या तसा देते:

‘कोण पाहिजे?’
‘काकू, मी इथेच नारायण पेठेत राहते. जुन्या वाड्यांचे फोटो काढते, हौस म्हणून. तुमचा चौक पाहिला तर चालेल का?’
‘फोटो कशाला? पाडायचाय म्हणून?’
‘नाही हो. हे बघा, असे काढते.’

इथे छापील फोटो हातात द्यायचे. त्यांनी ते नाकाशी धरून पाहिले आणि म्हणाल्या, ‘हा तर जोशांचा वाडा. पाडला ना तो?’ मग त्यांनीच आतून स्टूल आणून दिलं.

काही पथ्यं मात्र सांभाळा. दुपारी एक ते चार दार वाजवू नका. पुण्यात हा विनोद असेल, पण झोपलेल्या माणसाला तो विनोद वाटत नाही. मालकाने ‘हो’ म्हटलं म्हणजे भाडेकरूच्या खोलीची परवानगी मिळाली असं नाही, तिथे पुन्हा विचारा. चपला देवडीतच, म्हणजे दरवाजाच्या लगेच आतल्या जागेत, काढा. देवघराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि ‘नको’ म्हणाले तर कारण विचारू नका. वाळत घातलेले कपडे, दोरीवरची अंतर्वस्त्रं, आजारी माणसाची कॉट फ्रेममध्ये येत असेल तर कोन बदला. आणि चहा पुढे आला तर घ्या. माझ्याकडे वाड्यांची जी काही माहिती आहे, त्यातली निम्मीअधिक चहाच्या वेळी मिळालेली आहे.

नकार मिळाला तर? ‘बरं’ म्हणा आणि निघा. दोन महिन्यांनी पुन्हा विचारलेलं चालतं. रस्त्यावरून चोरून काढलेला फोटो कुणीतरी खिडकीतून पाहत असतंच, आणि मग त्या गल्लीतला प्रत्येक वाडा तुम्हाला बंद होतो.

५. वाडा ओळंब्यात ठेवा

अरुंद गल्लीत उभं राहून फोन वर केला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि वाडा मागे पडतोय असं वाटतं. नवख्या फोटोंमधला हा सगळ्यात मोठा दोष. कारण एवढंच, की फोन तिरपा झालेला असतो.

फोन पूर्ण उभा, भिंतीला समांतर धरा. सेटिंगमध्ये जाऊन जाळीच्या रेषा सुरू करा. असं धरल्यावर वाड्याचा माथा कापला जाईल आणि खाली रस्ताच रस्ता येईल. मग मागे सरका. मागे भिंत असेल तर वर चढा. समोरच्या इमारतीच्या जिन्यातल्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून दुमजली वाडा सरळ दिसतो. अर्थात तिथेही विचारूनच. तेही जमत नसेल तर वाड्यासमोरून चालत चार-पाच उभे फोटो काढा, प्रत्येकात आधीच्या फोटोचा तिसरा हिस्सा पुन्हा येऊ द्या आणि घरी जोडा.

थोडासा कल राहिलाच तर स्नॅपसीड या ॲपमधल्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ने काढता येतो. इथेच तो दोरा कामाला येतो. जुन्या वाड्याची भिंत कधीकधी खरोखरच बाहेर झुकलेली असते. घरी बसून तुम्ही ती सरळ केलीत तर फोटो नीटनेटका होईल आणि नोंद खोटी. एका फोटोत भिंतीशेजारी नट बांधलेला दोरा सोडा. दोऱ्याला सरळ धरून फोटो दुरुस्त केला की भिंत किती कललीय ते आपोआप दिसतं. एका वाड्याच्या मालकांनी माझा असा फोटो स्थापत्य अभियंत्याला दाखवला होता.

वायरी, मीटरच्या पेट्या, फ्लेक्स यांचं काय? सावरता येतील तेवढं कोन बदलून सावरा. पण ॲपने पुसू नका. वीस वर्षांनी त्या मीटरच्या पेट्यांवरूनच कळणार आहे की इथे किती बिऱ्हाडं होती.

६. आतला अंधार आणि चौकातली दुपार

दुपारचं ऊन वाईट, असं सगळे सांगतात. वाड्याच्या चौकापुरतं ते विसरा. दुमजली वाड्याच्या लहान चौकात ऊन तळापर्यंत पोहोचतं ते फक्त अकरा ते एकच्या दरम्यान, आणि तेही उन्हाळ्याकडे झुकलेल्या महिन्यांत. डिसेंबरात भर बारा वाजताही पुण्यात सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो. ऊन समोरच्या भिंतीवरच अडतं आणि तुळशीवृंदावन सावलीत राहतं. मार्च-एप्रिलमध्ये फरशीवर पडलेलं ऊन उसळून ओसरीत शिरतं आणि खांबांवरची नक्षी खालून उजळते. हा उजेड फ्लॅशने येत नाही. फ्लॅश बंदच ठेवा.

ओसरीतून चौकाकडे पाहताना एकतर चौक पांढरा होतो किंवा ओसरी काळी. स्क्रीनवर उजळ भागावर बोट दाबून धरा, उजेड तिथे बांधला जाईल, आणि काळा भाग घरी उजळून घ्या. फोनमध्ये रॉ फाइलची, म्हणजे न दाबलेल्या मूळ फाइलची, सोय असेल तर ती वापरा, काळ्या भागात बरंच काही लपलेलं असतं. कॅमेरा असेल तर तांदळाच्या पिशवीवर ठेवून तीन फोटो घ्या: पहिला नेहमीचा, दुसरा त्याहून दोन स्टॉप (उजेडाच्या पायऱ्या) कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त. आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाच सगळं हलतं.

जिवाची गोष्टही इथेच सांगते. महापालिकेची ‘धोकादायक’ म्हणून नोटीस लागलेल्या वाड्यात वरच्या मजल्यावर जाऊ नका, मालक ‘काही होत नाही’ म्हणाले तरी. लाकडी जिन्यात पाय पायरीच्या मधोमध नव्हे, भिंतीकडच्या कडेला ठेवा. पावसाळ्यात कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचं लाकडी छत, भिजून फुगलेला असतो. डोळा कॅमेऱ्याला लावून मागे चालणं तर कधीच नको. चौकातल्या हौदाला सगळ्याच ठिकाणी कठडा नसतो.

७. काय काय टिपायचं

ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. तुम्हीही उतरवून घ्या.

- रस्त्यावरून वाडा, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांसकट.
- दर्शनी भाग समोरून सरळ. मग दरवाजा, दिंडी, कोयंडा, अडसर, गणेशपट्टी.
- देवडी आतून आणि बाहेरून.
- चौकाच्या मधोमध उभं राहून चारही दिशांना एकेक. मग चारही कोपऱ्यांतून.
- एक खांब संपूर्ण: तळखड्यापासून (खालच्या दगडापासून) वर तुळईपर्यंत (आडव्या लाकडापर्यंत). सगळे खांब सारखे असतील तरी एक पुरा हवाच.
- कडीपाट. जमिनीवर उताणं पडून.
- जिना, त्याच्यावरचा झाकणाचा दरवाजा असेल तर तोही.
- कोनाडे, देवळ्या, महिरपी.
- जिथे गिलावा पडलाय ती जागा.

शेवटची बाब सगळे टाळतात, कारण ती कुरूप दिसते. पण भिंत कशाची आहे हे फक्त तिथेच कळतं: खाली घडीव दगडाचं जोतं, वर पातळ विटा की पांढरी माती, मधे लाकडी सांगाडा आहे की नाही. पट्टी शेजारी धरून विटेची जाडी टिपा. मालकांना विचारा, दिवाणखाना किती खणी? दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि जुनी माणसं अजून त्याच मापात बोलतात. ‘वरचा पाच खणी, पण दोन खण एकसष्टच्या पुरात गेले,’ असं उत्तर मला नदीकाठच्या एका वाड्यात मिळालं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं त्याची खूण त्या भिंतीवर अजून होती, आणि मी तिला ओल समजून फ्रेमबाहेर ठेवणार होते.

वहीत वाड्याचा कच्चा नकाशा काढा. चित्रकला नसली तरी चालेल, चौकोनात चौकोन पुरे. फोटो जिथून काढला तिथे आकडा आणि दिशेचा बाण. घरी आल्यावर पन्नास खांबांचे फोटो एकसारखे दिसायला लागतात, तेव्हा हे पान वाचवतं.

८. कायद्याचं थोडक्यात

रस्त्यावरून इमारतीचा फोटो काढणं हा इमारतीच्या रचनाकाराच्या हक्काचा भंग नाही, असं १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच म्हटलं आहे. खाजगी आवारात मात्र मालकाचा शब्द चालतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या स्मारकांत, म्हणजे शनिवारवाडा, लेणी, बरेच किल्ले, हातातल्या कॅमेऱ्याने साधे फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड, दिवे किंवा व्यावसायिक चित्रण असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. रखवालदाराशी तिथे वाद घालून उपयोग नाही, ते त्याच्या हातात नसतं. ड्रोन घरी ठेवा. स्मारकांवर त्याला वेगळी परवानगी लागते आणि लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, एवढं पुण्यात पुरे.

९. घरी आल्यावर, त्याच रात्री

उद्यावर टाकलेली नोंद राहते. फाइलींना नावं द्या: आधी तारीख, मग पेठ, मग वाडा, मग नकाशातला आकडा. दोन प्रती ठेवा, एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, त्यात तपशील दाबले जातात. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

राहत्या किंवा बंद वाड्याचा नेमका पत्ता फोटोसोबत जाहीर करू नका, फाइलमधलं ठिकाणही काढून टाका. कोरीव खांबांना, जुन्या दारांना, पितळी कड्यांना गिऱ्हाईक आहे. कुलूप लावलेल्या वाड्यात काय काय आहे याची सचित्र यादी चोराला देण्याचं काही कारण नाही. ‘कसबा पेठ’ एवढं पुरेसं असतं.

आणि प्रिंट द्या. हे मी कळकळीने सांगते. महिन्याभरात सहा बाय आठच्या दोन मॅट प्रिंट काढून त्या घरी नेऊन द्यायच्या, एक चौकाची आणि एक घरातली माणसं ओसरीवर बसलेली. मागे मऊ पेन्सिलने तारीख लिहा. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. स्टूल आणून देणाऱ्या काकूंकडे मी प्रिंट घेऊन गेले, तेव्हा त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, ‘वरची खोली राहिली की गं. माळ्यावर सासऱ्यांचा झोपाळा आहे, तो काढायचा ना.’ झोपाळ्याच्या कड्या पितळी आहेत. खिडकी पश्चिमेला आहे. येत्या शनिवारी चार वाजता जाणार आहे.